अकरा शाली आणि अर्धवर्तुळातली चूल

सैन्यातून परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात माझ्या भाऊजींना अकरा शाली मिळाल्या. नारळ त्याहून जास्त असतील, पण ते खाऊन झाल्यामुळे नक्की आकडा सांगता येत नाही. शालींचा सांगता येतो, कारण त्या भोपाळच्या अवधपुरीतल्या आमच्या घरी दिवाणाखालच्या ट्रंकेत होत्या आणि ताई साफसफाई काढली की त्या मोजून पुन्हा आत ठेवायची.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. वय एकोणचाळीस, नोकरी एकोणीस वर्षं, हुद्दा हवालदार, काम स्वयंपाकाचं. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. शेवटच्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे आणि तो संबंध लोकांना आवडत नाही. डोंगरातल्या रस्त्यावर रेशनचा ट्रक घसरून उलटला. भाऊजी मागे पोत्यांवर बसले होते, उलटल्यावर पोती भाऊजींवर बसली. पोती कांद्यांची होती. गोळी नाही, सुरुंग नाही, आणि शत्रू तर कित्येक मैलांत नव्हता.

आमच्या कॉलनीत जुनं मराठी मंडळ आहे. कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेली आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलेली कुटुंबं त्यात आहेत. पहिल्याच पंधरा ऑगस्टला भाऊजींना प्रमुख पाहुणे केलं गेलं. मंडळाचे सेक्रेटरी काका माइकवर म्हणाले की, शत्रूशी दोन हात करताना ज्यांनी आपला पाय देशाला अर्पण केला, असे वीर आज आपल्यात आहेत. भाऊजी उठले, त्यांनी माइक मागून घेतला.

"शत्रू नव्हता," ते म्हणाले. "कांदे होते."

एवढं बोलून ते खाली बसले. त्या वर्षी जिलेबीवाटप ठरल्या वेळेच्या आधी सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काका घरी आले. नुसतं 'सीमेवर' म्हटलं तर काय बिघडतं, ऐकणाऱ्यांना जरा बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं होतं. लोकांना बरं वाटावं म्हणून माझ्या नवऱ्याचा पाय दुसऱ्यांदा कापायचा का, असं ताईने विचारलं. चहा मात्र दिला. पुढच्या कार्यक्रमात काकांनी 'दुर्गम भागात' असा शब्द वापरला. मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. तो शब्द मीही जाऊ दिला असता.

शाली घेणं हे काही भाऊजींना काम वाटत नव्हतं. त्यांना स्वयंपाक करायचा होता, आणि तोही पुष्कळ माणसांचा. घरी आम्ही तिघंच. आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी पोहे केले, ते सोमवारी शेजारच्या तीन घरांनी संपवले. तीन माणसांसाठी हात आखडतच नाही, असं ते म्हणत. तिकडे डॉक्टरांचं म्हणणं होतं की, बसवलेल्या कृत्रिम पायावर अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहिलं तर वरचा भाग सुजेल, कातडी सोलवटेल, तेव्हा भटारखान्यातली नोकरी विसरा. तरी भाऊजी हबीबगंजकडच्या एका हॉटेलात जाऊन आले. मॅनेजर अदबीने वागला. त्याने गेटवरची जागा देऊ केली आणि सुचवलं, "फौजी हैं, मूँछ रख लीजिए, गेट पर अच्छे लगेंगे."

दुसऱ्या हॉटेलातही गेटच निघालं. घरी येऊन भाऊजींनी पाय काढला, कपाटाला टेकवून ठेवला.

"मिशी वाढवायला पाय लागत नाही, हे खरंय," ते म्हणाले. "पण साठीपर्यंत मी प्रमुख पाहुणा म्हणून जगायचं का?"

पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाय बराचसा कपाटालाच टेकलेला असायचा. भाऊजी टीव्हीसमोर बसून पडद्यावरच्या आचाऱ्यांच्या चुका काढायचे. ताई मला एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली की, चुका काढतायत तोवर ठीक आहे, ज्या दिवशी गप्प बसतील त्या दिवशी मला फोन करायचा. मी दुपारी घरी असायचो, ती शाळेत शिकवायला जायची. ऑगस्टच्या मध्यापासून ते गप्प बसायला लागले. मी फोन केला नाही, कारण तिला काय सांगायचं ते मला ठरवता येईना.

गणेशोत्सवातल्या महाप्रसादाला तीन दिवस उरले असताना मंडळाच्या हलवायाने कळवलं की त्याला जमणार नाही. मंडळाची बैठक आमच्याच हॉलमध्ये भरली होती, कारण आमच्याकडे खुर्च्या जास्त आहेत. बाहेरून डबे मागवावेत इथपर्यंत चर्चा आली तेव्हा आतल्या खोलीतून भाऊजी पाय लावून बाहेर आले आणि म्हणाले, मी करतो.

अध्यक्षांनी काळजीने विचारलं, "अहो, पण पाच-सहा तास उभं कसं राहणार तुम्ही?"

"उभं राहायचं कशाला?"

फौजी पद्धत अशी की, मोकळ्या जागी मुक्काम पडला की जमिनीत चर खणायचा, चरात लाकडं पेटवायची आणि भांडी वर आडवी टेकवायची. भांड्याचं तोंड मग गुडघ्याच्या उंचीवर येतं, म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताशी. चर सरळ असतो. भाऊजींना तो अर्धवर्तुळात हवा होता, म्हणजे मध्ये बसून तिन्ही भांड्यांपर्यंत कालथा पोचेल. लाकडं बाहेरच्या बाजूने कुणीही सारावीत. कालपर्यंत गप्प असलेल्या माणसाच्या डोक्यात हा चर किती दिवस तयार होता, कुणास ठाऊक.

अडचण जागेची होती. कॉलनीत मोकळी जमीन एकच, बागेतलं लॉन. ते अध्यक्षांनी स्वतः लावलं होतं. अध्यक्ष कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, आणि 'गवतावर चालू नये' ही पाटीही त्यांच्याच हातची. गवतावर खणू नये असं पाटीत म्हटलेलं नाही, हे भाऊजींनी निदर्शनास आणलं. अध्यक्ष म्हणाले, ड्रॉइंग द्या.

भाऊजींनी ताईच्या शाळेच्या वहीत ड्रॉइंग काढून दिलं. ते दुसऱ्या दिवशी लाल पेन्सिलीच्या खुणांसह परत आलं. अध्यक्षांच्या मते धूर सगळा मध्ये बसलेल्या माणसाच्या तोंडावर येणार होता, त्यामुळे चराच्या दोन्ही टोकांना धुराडं हवं, तळाला उतार हवा, वर पत्र्याचं छप्पर आणि पाणी शिरू नये म्हणून भोवती मातीचा बांध हवा. आपलं लॉन जाणार आहे, हे ते बहुधा त्याच रात्री विसरले होते. सकाळी खणणाऱ्या मजुरांवर तेच ओरडत होते.

खुर्चीचा प्रश्न भाऊजींनी परस्पर सोडवला. प्रमुख पाहुण्यांची लाल गादीची खुर्ची त्यांनी बागेत नेऊन चराच्या मध्यभागी ठेवली. सेक्रेटरी काकांना ते बरं वाटलं नाही. भाऊजी म्हणाले, नाहीतरी तिच्यात मीच बसतो.

महाप्रसादाच्या दिवशी पहाटे कॉलनीतल्या बायका विळ्या-सुऱ्या घेऊन आल्या. मसालेभात, बटाट्याची भाजी आणि शिरा असा बेत होता. भाऊजींनी प्रत्येकीला काम नेमून दिलं आणि बटाट्याच्या फोडी तपासायला मागितल्या. मंडळात तीस वर्षं मिठाचा शेवटचा शब्द ज्यांचा चालत आला, त्या काकूंनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या मिलिटरीत गोडा मसाला देतात का हो?"

"नाही देत."

"मग भाताच्या भांड्यापासून जरा लांब बसा."

भाऊजींनी खुर्ची वीतभर मागे घेतली. त्यानंतर दोघांचं चांगलं जमलं.

स्वयंपाक उत्तम झाला, हे सगळ्यांनी मान्य केलं. चूक वेगळीच होती, आणि ती आदल्या दिवशीच झाली होती. भाऊजींनी सेक्रेटरी काकांना विचारलं होतं, स्ट्रेंथ किती? काकांनी अभिमानाने चारशे सांगितली. आकडा बरोबर होता. भाऊजींनी एकोणीस वर्षांच्या सवयीने दर माणशी जवानाच्या खुराकाचं माप धरलं. पण जवानाला दिवसभर डोंगर चढायचा असतो, अवधपुरीतल्या निवृत्त माणसाला फार तर जिना. कुणाला साखर होती, कुणाचं प्रेशर, कुणी संध्याकाळचं जेवण सोडलेलं, तर कुणी दुपारचं. डाव पोचायच्या आधीच लोक पानावर हात आडवा धरत होते. दुपारी अडीच वाजता चारशे माणसं जेवून उठली आणि तिन्ही भांडी अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

सेक्रेटरी काका कुणाला तरी सांगत होते की, जाऊ द्या, त्यांच्या भावना चांगल्या होत्या. ते भाऊजींना ऐकू गेलं. ते खुर्चीतून उठले नाहीत. आता आपण पुन्हा गेटवर किंवा स्टेजवरच, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ताईलाही दिसलं असावं, कारण ती हातातलं ताट खाली ठेवून तिथेच थांबली.

थोड्या वेळाने भाऊजींनी मला विचारलं, "तू पेपरवाला ना? आत्ता, या वेळेला, भोपाळमध्ये भूक कुणाला लागली असेल?"

मी लगेच सांगितलं. मोठ्या सरकारी इस्पितळाच्या आवारात, झाडांखाली, रुग्णांचे नातेवाईक. आसपासच्या जिल्ह्यांतून आलेले, कित्येक दिवस तिथेच राहणारे. आधी बातमीदार असताना मी तिथे अनेकदा गेलो होतो. खाटांची आणि जखमींची संख्या नेहमी विचारली होती, ही माणसं जेवतात काय हे कधीच नाही.

मांडववाल्याचा छोटा ट्रक बागेबाहेर उभा होता. भांडी त्यात चढवली. अन्न गरम राहायला हवं म्हणून भाऊजींनी ट्रंक आणायला सांगितली. ताईने अकराच्या अकरा शाली आणल्या आणि भांड्यांना गुंडाळल्या. एकीवर जरीत 'सन्मान' असं विणलेलं होतं, ती शिऱ्याला आली.

भाऊजी मागे चढायला लागले तेव्हा ताई म्हणाली, "पुढे बसा."

"मग भांडी कोण धरणार?"

"एकदा धरलीत ना पोती? तेवढं पुरे झालं."

"ते कांदे होते. हा भात आहे. शिवाय इथे डोंगर नाही."

साडी खोचून ताई स्वतःच मागे चढली आणि शिऱ्याच्या भांड्याला टेकून बसली. मग भाऊजी चढले. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो आणि त्याला दहादा सांगितलं की सावकाश चालव.

इस्पितळाच्या आवारात भाऊजींनी ट्रकच्या फाळक्यावर बसून वाढलं. गुडघ्याखाली सूज आली होती म्हणून पाय काढून बाजूला ठेवला होता. रांग त्यांनी दोन मिनिटांत लावली. इथे पानावर हात कुणीच आडवा धरला नाही. दुसऱ्यांदा रांगेत आलेल्या एका माणसाने भात घेता घेता विचारलं, "बाबूजी, पैर कैसे गया?"

"प्याज़ की बोरियाँ गिर गईं."

माणसाने मान हलवली. त्याच्या भावावर ट्रॅक्टर उलटला होता, तो वरच्या मजल्यावर होता. कांदे ऐकून निराश न झालेला मला भेटलेला हा पहिला माणूस. त्याने शिरा घेतला आणि विचारलं, "कल भी आओगे?"

"कल नहीं," भाऊजी म्हणाले. "गुरुवार."

हे त्यांनी मंडळाला, ताईला किंवा डॉक्टरांना विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष चर बुजवायला दोन मजूर घेऊन आले. भाऊजी पाय लावून, चराच्या मध्ये, लाल खुर्चीत बसलेले होते. गुरुवारी लागेल, एवढंच ते म्हणाले. अध्यक्ष चराभोवती दोन फेऱ्या मारून आले. मग त्यांनी सांगितलं की काल तिसऱ्या भांड्याशी धूर मागे फिरत होता, धुराडं हातभर वाढवावं लागेल. मजुरांना त्यांनी विटा आणायला पाठवलं. ती पाटी आता बागेच्या दुसऱ्या टोकाला, उरलेल्या गवतात आहे.

तेव्हापासून दर गुरुवारी चूल पेटते. धान्य घराघरांतून येतं, भाजी बिट्टन मार्केटच्या हाटबाजारातून. मीठ काकू बघतात. माप भाऊजींनी बदललेलं नाही, इस्पितळात ते बरोबर बसतं. डॉक्टर दर खेपेला रागावतात, पण बसून काम आहे म्हटल्यावर त्यांना फारसं बोलता येत नाही.

गेल्या जानेवारीत सेक्रेटरी काका जरा संकोचत आले. सव्वीस तारखेला प्रमुख पाहुणे म्हणून याल का, वेळ नसेल तर आम्ही समजू शकतो, असं म्हणाले. ताई नाही म्हणायच्या बेतात होती.

"शाल असेल ना?" भाऊजींनी विचारलं.

"असेल की. म्हणजे, नको असेल तर..."

"दोन द्या. चौथं भांडं घेतलंय."

दोन दिल्या. काकांच्या भाषणात या वेळी कांद्यांचा उल्लेख होता.