आडवी कबर

परळी वैजनाथच्या स्टेशनात गाडी लागली होती. पप्पांनी माझी ट्रंक आत ढकलली, खाली उतरून खिडकीशी आले आणि एकच प्रश्न विचारला, "आईला भेटून आलीस का?" मी म्हटलं, "हो." साफ खोटं! सकाळपासून शेजारणींच्या ओट्या घेत, रडत-हसत बसले होते, आणि कब्रस्तानाकडे पाय वळले नाहीत. खरं सांगायचं तर मीच वळवले नाहीत. पप्पा म्हणाले, "बरं केलंस." गाडी हलली. ठाण्याला नवरा वाट बघत होता, आणि तिथून महिनाभराने आम्ही इस्रायलला निघणार होतो.

त्या एका "हो"ने माझा पंचवीस वर्षं पिच्छा पुरवला. आज लिहायला बसलेय ते त्यापायीच. परळीत मागे राहिलात त्यांनी वाचा, आणि माझ्यासारखे उठून लांब गेलात त्यांनीही वाचा.

परळीत आमचं एकच घर ज्यूंचं. आईचे वडील रेल्वेत लागून कोकणातून इथे आले, पप्पा वीजकेंद्रात नोकरीला म्हणून आले आणि त्यांच्या घरचे जावई झाले. आजी-आजोबांना मी पाहिलेलं नाही. आजी माझ्या जन्माआधीच गेली, आणि मग आजोबा ठाण्याला गेले ते तिकडेच वारले, एवढंच ऐकून होते. शुक्रवारी तिन्हीसांजेला आई काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल घालून वात लावायची. शनिवारी चूल पेटायची नाही. शेजारच्या काकू विचारायच्या, "तुमी शनवारी चूल कावून पेटवत न्हाई गं?" मी ठसक्यात सांगायची, "आमच्यात नसतं." आमच्यात म्हणजे कुणात, हे मला तरी कुठे ठाऊक होतं! विचारायचं ते आईला, आणि आई मी नऊ वर्षांची असताना गेली.

वैशाखातले दिवस होते. आमच्यात माती त्याच दिवशी द्यावी लागते, आणि ठाण्याचं आमचं कब्रस्तान म्हणजे रात्रभराचा प्रवास. गल्लीतली मुसलमान मंडळी पुढे झाली. त्यांच्या कब्रस्तानात जागा दिली, खांदाही दिला. बायकामुलींनी आत जायचं नसतं, म्हणून काकूंनी माझा हात धरून मला फाटकाशी उभं केलं. गर्दीतून मला एवढंच दिसलं की बाकीच्या सगळ्या कबरी उभ्या, उत्तर-दक्षिण, आणि माझ्या आईची मधेच आडवी.

शाळेत एक पोरगी म्हणालीच, "तुझ्या आईची कबर वाकडी खणलीय." घरी येऊन पप्पांना विचारलं. ते म्हणाले, "तशीच असती." पप्पांचा स्वभावच तसा. वीजकेंद्रातून राखेने माखून यायचे, अंघोळ करायचे आणि गप्प बसायचे. मी मनाशी ठरवून टाकलं की परक्यांचं काम, उरकलं असेल कसंतरी. आपल्या माणसाची कबर कुणी अशी खणली असती का? राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. तेव्हापासून त्या रस्त्याने जायचं मी टाळायला लागले.

आता मी दिमोनाला असते. वाळवंटातलं गाव आहे. परळीत दारात राख पडायची, इथे वाळू पडते. झाडू काही सुटला नाही. वृद्धाश्रमात कामाला आहे. दिवसभर हिब्रू बोलते, आणि पाय ठेचकाळला की "आई गं" मराठीत निघतं. इथे शनिवारी अख्खं गाव चूल पेटवत नाही आणि कुणी कुणाला का म्हणून विचारत नाही. पहिल्या वर्षी मला ते फार सुखाचं वाटलं. पुढे पुढे काकूंच्या त्या प्रश्नाची आठवण यायला लागली.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं, नोआचं, लग्न ठरलं. इथे लग्नाची नोंद रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कचेरीत होते, आणि ज्यूपण आईकडून चालत येतं. मी आले ती नवऱ्याच्या कागदांवर, माझं असं कुणी कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. नोआची आई मी, ठीक. माझी आई कोण? तिची आई कोण? आईच्या लग्नाचा कागद परळीतच वाळवीने खाल्लेला. पप्पा शेवटी ठाण्याला भावाकडे गेले, आमच्याच कब्रस्तानात आहेत, दगडावर हिब्रूत नावही आहे. पण बापाचा दगड इथे चालत नाही. टेबलामागचा तरुण रब्बी वाईट नव्हता, हळू आवाजात म्हणाला, "आईच्या कबरीचा फोटो आणा. कुठल्या कब्रस्तानात आहे?"

मी म्हटलं, "मुसलमानांच्या."

त्याने लिहिता लिहिता पेन थांबवलं. बाहेर आल्यावर नोआने मला विचारलं, "इमा, आजी खरंच आपली होती ना?" इथे आईला इमा म्हणतात. मी तिच्यावर खेकसले, "असलं काय विचारतेस!" पण घरी येऊन भांडी घासताना तोच प्रश्न मीही स्वतःला विचारत होते. आईने वात लावलेली मी पाहिली होती, पण तिला ते कुणी शिकवलं, कुठून आलं, याचा पुरावा माझ्याकडे काय होता? काही नाही. लग्न तीन महिन्यांवर आलं होतं. मी तिकीट काढलं.

परळीत उतरले तर स्टेशन तेच, माणसं नवी. कब्रस्तानाच्या फाटकाशी साठीतला एक माणूस खराट्याने पाला लोटत होता. मी नाव सांगितलं. तो कमरेवर हात ठेवून बघतच राहिला.

"वीजकेंद्रातल्या सायबाची पोरगी का? लई वर्सं लावली, ताई."

हे रसूलभाई. कबरी खणायचं काम त्यांच्या घरात बापजाद्यांपासून. मी फाटकाबाहेरच घुटमळले, तर म्हणाले, "या की आत. आईला भेटायला कोन अडवतंय?" मी त्यांच्या मागून गेले. लिंबाच्या सावलीत आईची कबर. आजूबाजूला गवत माजलेलं, पण तिच्यावर काडी नव्हती. आणि तिच्या पुढेच, तशीच आडवी, तिच्याहून जुनी, खचलेली आणखी एक.

"ही कुणाची?"

"अवो, तुमच्या आजीची! म्हाईत न्हाई का?"

मी त्या जुन्या कबरीपाशी जाऊन बसले. नऊ वर्षांच्या पोरीला फाटकातून एकच दिसली होती, आणि मोठेपणी मी आत पाऊल टाकलं नव्हतं. रसूलभाई सांगायला लागले. आजी गेली तेव्हा आजोबा त्यांच्या आजोबांकडे आले. म्हणाले, आमच्यात पाय पश्चिमेला करतात, यरुशलेमकडे. कयामतीच्या दिवशी उठेल तेव्हा समोर ते दिसायला पायजे. इथले काही लोक चिडले. पश्चिमेला काबा, आणि तिकडे पाय करून माणसाला निजवायचं म्हणजे बेअदबी. त्यात एका आडव्या कबरीला तीन उभ्यांची जागा जाते.

"मग?"

"आमचे दादा, अब्बांचे अब्बा, म्हनले, बाई पाहुनी हाय. तिची दिशा तिला ठाऊक, आपून कोन सांगनार? आडवीच खनली. तुमच्या आईच्या वक्ताला आमचे अब्बा होते. त्यांना कुनी सांगावंबी लागलं न्हाई."

आणि मी जन्मभर समजत होते की उरकून टाकलं! लाजेने मला तोंड वर करवेना. माझ्या आईला आणि तिच्या आईला त्यांनी आपल्या सहा जणांची जागा सोडून, आपल्या रिवाजाच्या उलट, आमच्या रिवाजाने निजवलं होतं. आम्ही कोण हे मला ठाऊक नव्हतं, ते कबर खणणाऱ्यांना तीन पिढ्या ठाऊक होतं. मी तिथे ढसाढसा रडले. रसूलभाई बापडे पाठ फिरवून पाला लोटत राहिले.

मग मोबाइलवर सगळं टिपलं. दोन्ही कबरी, दिशा दाखवणारी सुई, आणि रसूलभाईंचं बोलणं त्यांच्याच तोंडून. निघताना पर्समधून दिमोनाचे दोन खडे काढले. तिकडे कबरीवर फुलाऐवजी खडा ठेवतात, आलो होतो याची खूण म्हणून. एकेक दोघींवर ठेवला. रसूलभाईंना वाटलं कचराच, उचलायला वाकले. मी सांगितलं तसा हात मागे घेतला. "बरं झालं सांगितलं. झाडताना हलवनार न्हाई."

कचेरीत रब्बीने तो व्हिडिओ बघितला. नोआ मराठीचं हिब्रू करत होती, "पाहुनी"पाशी अडली आणि तो शब्द तिने दोनदा सांगितला. रब्बीने विचारलं, "हा माणूस कोण?" मी म्हटलं, "आमच्या कबरी सांभाळतो." त्याने परत एकदा पहिल्यापासून बघितलं. ठाण्याच्या आमच्या ज्यू मंडळींचं पत्रही मी जोडलं होतं. तीन आठवड्यांनी मंजुरी आली. लग्नाआधी मी पोहे, खोबरं, गूळ घालून मलिदा केला, आई करायची तसा, आणि पहिली वाटी नोआला दिली. तिने विचारलं, "आजीला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "तिच्या आईने." आता मला ते सांगता येतं.

परवा शुक्रवारी रसूलभाईंचा निरोप आला. सोबत फोटो होता. परळीत वादळ होऊन गेलं, लिंबाची फांदी पडली होती. खाली बोलून पाठवलं होतं, "ताई, सगळं झाडून काढलं. दोनी खडे जागेवर हायत."

घर कुठलं म्हणून इथे कुणी विचारलं की मी आधी दिमोना सांगायची, मग परळी, आणि मग गोंधळायची. त्या दिवशी गोंधळ झाला नाही. ज्या गावाने माझ्या माणसांसाठी आपली जागा आडवी करून दिली, ते घर. आज मी दिमोनात असले तरी.

तिन्हीसांज झाली होती. मी पेल्यात पाणी घातलं, वर खोबरेल, आणि वात लावली. नोआ आणि जावई यायचे होते, घरात मी एकटीच होते, म्हणून मोठ्याने म्हटलं, "पप्पा, आईला भेटून आले."