मुहूर्त अकरा बेचाळीस, भूकंप पावणेबारा

रविवारी दुपारी पावणेबारा वाजता भूकंप होणार, असं पत्रक कुणीतरी अमरावतीत वाटलं. त्याच रविवारी अकोटला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मुहूर्त अकरा बेचाळीसचा. कार्यालय दुमजली.

अमरावतीहून नवरदेवाच्या मामांचा फोन आला. "तीन मिन्टात एवढी मानसं बाहीर कशी निघतीन, पाव्हणे? छताखाली आमी काई बसत नाही."

वडील मला म्हणाले, "अबे, तू पेपरात हायेस ना? एखाद्या शास्त्रज्ञाकडून लिहून आन, भूकंप होत नाही म्हनून."

मी भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांना भेटलो. कोणत्या पट्ट्यात धोका जास्त, हे अभ्यासावरून सांगता येतं. दिवस आणि वेळ जगात कुणालाच सांगता येत नाही, असं ते म्हणाले. मग रविवारी होणार नाही, एवढं तरी लिहून द्या, अशी मी विनंती केली.

"तेही भाकीतच झालं," ते म्हणाले. "माणसं मरतात ती बहुधा अंगावर घर पडून. मोकळ्यावर लावा लग्न."

वडिलांनी विचारलं, "हो म्हनते का नाही म्हनते?"

"दोन्ही नाही म्हणतात."

"मंग कॉलेजात पोराईले शिकवते तरी काय?"

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. वडिलांनी पऱ्हाटी लवकरच उपटली होती, त्यामुळे वावर रिकामं होतं. लग्न तिथे ठरलं. मामांनी एकच अट घातली: डोक्यावर मांडवसुद्धा नको.

वऱ्हाडी दहालाच हजर झाले. छत्र्या उघडल्या. साडेअकरापासून कुणी बोलेना. सगळ्यांचं लक्ष पायांखाली. इतकी शांतता लाभलेले भटजी खुलले आणि त्यांनी मंगलाष्टकं भरघोस सुरात म्हटली. बरोबर अकरा बेचाळीसला अक्षता पडल्या.

त्यानंतर मामा उकिडवे बसले आणि त्यांनी तळहात जमिनीला लावला.

"मामाजी, हालून राह्यलं का काई?" वडिलांनी विचारलं.

"हालून राह्यलं! देवाशपथ, हालून राह्यलं!"

"थो ढोल होय बाप्पा! मांगं पाहा!"

बँडवाल्यांना कुणी थांबायला सांगितलंच नव्हतं. अक्षता पडताच त्यांनी सुरुवात केली होती. आधी बायका हसल्या, मग सगळं वावर. मामांनी वडिलांना ओढलं. दोन्ही व्याही पक्ष ढेकळांत नाचले, फेटे सुटेपर्यंत. पंगत दीड वाजता बसली, कारण वाढपीही नाचत होते.