आधी साचा, मग बंगई

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात माझ्या साडूंइतकी लाकडाची हौस कुणाला नसेल, आणि एवढी हौस असून घरात धड बसायला काही नाही, असा गृहस्थही दुसरा सापडणार नाही. सेलूला त्यांचं कापडाचं दुकान होतं. नव्वदीच्या सुरुवातीला पुलगावचा एक फर्निचरचा कारखाना बंद पडला, तेव्हा तिथलं गोल करवतीचं मशीन त्यांनी मेटॅडोरमध्ये घालून आणलं आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये बसवलं. त्या दिवसापासून दुकान धाकट्या भावाकडे गेलं आणि साडू शेडमध्ये गेले, ते चार हाका मारल्याशिवाय जेवायलाही बाहेर येईनात. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, शेडला सवतच म्हणायची आणि तिकडे पाऊल टाकायची नाही.

मशीन आलं तेव्हाच साडूंनी तिला ओसरीत टांगायला सागवानी बंगई कबूल केली होती. पुण्याकडे जिला झोपाळा म्हणतात ती बंगई. पण त्यांचा नियम असा की लाकूड नुसत्या हातानं करवतीला लावायचं नाही, आधी साचा करायचा. आणि साचा कापायचा तर त्यालाही साचा हवाच! त्यातली लाडकी म्हणजे ‘गाडी’. जाड फळीच्या पोटाला दोन पट्ट्या ठोकलेल्या, त्या मशीनच्या खाचांत सरकायच्या. लाकूड गाडीवर ठेवून गाडीच पात्यावर ढकलायची, म्हणजे काप काटकोनात येतो आणि बोटं शाबूत राहतात. एक गाडी सरळ कापाची, एक तिरप्या कापाची, आणि एक नुसती लहान गाड्या बनवण्याची. बंगईचं विचारलं की म्हणायचे, "साडूभाऊ, आधी साचा लागला पायजे. मंग बंगई काय, एका दुपारचं काम हाय."

मध्ये एकदा त्यांनी स्टुलं केली. साच्यात कोन जरासा चुकला आणि सगळी स्टुलं एकाच पायानं, एकाच बाजूला लंगडू लागली. मी हसलो तर म्हणाले, "चुकलं ना? पण सारखं चुकलं का नाई, ते सांगा!" पुढे पाटवड्या एकसारख्या पडाव्यात म्हणून त्यांनी अक्काला लाकडी चौकट करून दिली. अक्कानं तिच्यावर ओला फडका वाळत घातला आणि मुद्दाम वाकड्यातिकड्या वड्या वाढल्या. साडूंनी त्या मुकाट्यानं खाल्ल्या, वर आणखी मागितल्या.

दोन हजार साल उलटलं आणि साडूंचा उजवा हात थरथरू लागला. कपबशी वाजायची. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. साडूंनी त्यावरही साचा केला, लाकूड आपोआप गच्च धरणारा एक शिकंजा गाडीवर बसवला. काही दिवस निभावलं, मग ढकलताना गाडीच थरथरू लागली. धाकटा भाऊ म्हणाला, आता मशीन विकून टाकू. इतक्या वर्षांत बंगईचं बाकी लाकूड कापून झालं होतं, पाठीच्या दांड्या तेवढ्या कापायच्या राहिल्या होत्या. साडू एकेका गाडीवरचा भुसा पुसत बसले. मला ते पाहवेना.

दुसऱ्या दिवशी अक्का पदर खोचून शेडमध्ये आली.

"कशी ढकलतेत, सांगा मले."

"तुले नाई जमणार."

"काऊन नाई जमणार? मंग इतके साचे कायले करून ठेवले जी?"

साडू बटणापाशी उभे राहिले आणि अक्का गाडी ढकलू लागली. "हळू. थांबू नोको. जाऊ दे सरळ." लोडशेडिंगनं मशीन बंद पडेपर्यंत दांड्यांचा ढीग झाला. साडूंनी त्या ओळीनं लावल्या, त्यांच्यावरून थरथरता तळवा फिरवला आणि म्हणाले, "माह्यापेक्षा सरळ कापलं तुनं."

"मी नाई जी. तुमच्या गाडीनं कापलं."

त्या दिवाळीला बंगई टांगली. साडू दिवसभर तिच्यावर बसून असायचे. बंगई थांबलेली असली तरी त्यांच्या हातानं साखळीच्या कड्या बारीक वाजत राहायच्या, आणि अक्का त्या आवाजाच्या भरवशावर स्वयंपाकघरात निवांत असायची. असे दोन-तीन हिवाळे त्यांना मिळाले. मला त्यांची फार आठवण येते.

परवा सेलूला गेलो, तर अक्का एकटीच बंगईवर झोके घेत होती. कड्या फारच कुरकुरत होत्या, म्हणून मी शेडमधून तेलाची बुधली घेऊन आलो. अक्कानं पाय टेकून बंगई थांबवली.

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "घर लय चूप झालं हाय. वाजू द्या तिले."