हमीदमामांची वडगावची फायनल

दौंडच्या फलाटावर उतरलो तेव्हाच शर्ट पाठीला चिकटला होता. एप्रिलातलं ऊन, त्यात पॅसेंजरनं पाटसला उगाचच ताटकळत ठेवलेलं. पुलाखाली हमीदमामा उभे होते. शर्ट, विजार, टोपी, सगळं पांढरं आणि कडक इस्त्रीचं. मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो तरी ते माझ्या खांद्यावरून डब्यांकडं बघत होते.

"मामा, अहो मी!"

ते दचकले. "आलास व्हय मास्तर! उन्हानं डोळं दिपत्यात रं."

मी पुण्यातला शाळामास्तर, सुट्टीच्या दिवशी अंपायर. अंपायरिंग शिकवलं ते ह्याच माणसानं. मामा रेल्वेत फिटर होते आणि जिल्ह्याच्या संघातले डावखुरे फिरकी गोलंदाज. मॅटिंगवर त्यांचा चेंडू हातभर वळायचा म्हणे. राज्याच्या संघात एकदा निवड झाली, पण अख्खा मोसम इतरांना पाणी नेऊन देण्यात गेला. पुढं खांदा निकामी झाला. दुसरा कुणी घरी बसला असता; मामा परीक्षा देऊन अंपायर झाले आणि मोठमोठ्या सामन्यांत उभे राहिले. मग साखरेचा आजार जडला, शहरातली बोलावणी बंद झाली, आणि उरली ती वडगाव रासाईच्या जत्रेतली टेनिस चेंडूची फायनल. दोन वाड्यांची जुनी चुरस असल्यामुळं अंपायर बाहेरचाच लागायचा. यंदा जोडीला त्यांनी मला बोलावलं होतं.

चौफुल्यापर्यंत आणि तिथून पुढं वडाप (माणसं कोंबून नेणारी खाजगी जीप) मिळालं. ड्रायव्हरच्या मांडीवर बसायचं तेवढं बाकी राहिलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच झेंडूचा पिवळाजर्द तुकडा. भीमेच्या पुलावर आलो आणि सगळ्यांनी नाकाला पदर-रुमाल लावले. पाणी काळं, वर जलपर्णी माजलेली. आमच्या पुण्याचीच घाण ती, कुणाला बोलणार?

माळव्याची (भाजीपाल्याची) रिकामी पाटी मांडीवर घेतलेल्या एका मावशींनी मामांचे कपडे न्याहाळले. "आंपायर हायसा न्हवं? म्हंजी शिव्या खायाला निघालासा!"

"त्याच्यावरच तर जगलोय मावशे," मामा म्हणाले आणि जीपभर हसू पिकलं.

मग माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मास्तर, आज नीट पार पडूंदे. पुढल्या साली बी बोलावलं पाहिजे. हे बी गेलं तर मी घरात बसून करू काय?"

डोळ्यांचं विचारावं असं फार मनात आलं, पण माझी जीभच रेटेना.

वडगावात आप्पांच्या पडवीत जेवण होतं. आप्पा म्हणजे सामने भरवणारे बागायतदार. तरुणपणी मामांच्या अंपायरिंगखाली खेळलेले. ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं झणझणीत कालवण. मामांचा हात वाटीच्या शेजारी जमिनीवर चाचपडला. आप्पांनी वाटी त्यांच्या बोटांखाली सरकवली आणि माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिलो.

नदीकाठच्या माळावर ही गर्दी! कर्ण्यातून कॉमेंटरी चाललेली. गावचे सामने मी पुष्कळ केलेत. पहिल्या पाच मिनिटांत 'आंपायर आंधळा हाय का रं!' अशी आरोळी येते, मग आई-बहिणीचा उद्धार होतो. इथं तसलं काही नव्हतं. फलंदाजाच्या बॅटीला चेंडू लागून झेल गेला, तर तो मामांकडं न बघताच चालू लागला. वाईड पडला की गोलंदाजच "वाईड हाय मामा" म्हणायचा. मी स्क्वेअर लेगला उभा. आधी बरं वाटलं, नंतर खटकायला लागलं.

मग मामांच्या टोकाला धावबादचं अपील झालं. फलंदाज चांगला हातभर आत होता. माळावरच्या शेवटच्या माणसालाही ते दिसलं असेल. मामांनी बोट वर केलं. फलंदाजानं बॅट काखेत मारली आणि निमूट निघाला. कर्णासुद्धा गप्प झाला.

मामा बोट तसंच धरून उभे राहिले. मग त्यांनी मला हाक मारली.

"कुणीच कसं वरडलं न्हाई रं? खरं सांग. आत व्हता?"

खोटं बोलायचं फार मनात होतं. "हातभर आत होता, मामा."

"ए पोरा, फीर माघारी!" ते गरजले.

"न्हाई मामा, आउटच हुतो मी," पोरगा म्हणाला.

"लबाड बोलू नगं!"

दोन्ही कॅप्टन धावत आले. त्यांतला एक हात जोडून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा. सकाळी देवळात ठरलंय आमचं. आज तुमच्याशी कुणी वाद घालायचा न्हाई."

"समद्यांस्नी ठावं हाय तर!" मामांचा आवाज चिरकला. "मग बुजगावणं उभं करायचं व्हतं की. त्याच्याशी बी कुणी वाद घालत न्हाई."

त्यांनी खिशातले चेंडू मोजायचे खडे माझ्या हातात ओतले आणि चालायला लागले. सीमारेषेच्या दोरीत पाय अडकला तेव्हा दहा हात पुढं आले. त्या वेळी मला त्या भल्या माणसांचा इतका राग आला म्हणून सांगू! शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

सामना मी उरकला. कोण जिंकलं ते आज आठवतही नाही. शेवटी मामांना शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या कडाडल्या. आप्पा गहिवरून म्हणाले, "मामा, पुढल्या साली बी यायचं. पहिल्या खुर्चीवर, प्रमुख पाहुणे म्हणून!"

"येतो की," मामा म्हणाले.

वडापनंच परतलो. दौंडला त्यांच्या दारात मामी वाट बघत होत्या. ह्या बाईनं जन्मभर नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टावरची चिखलमाती धुतली, त्याच्या नावानं झालेल्या भांडणांच्या कहाण्या ऐकल्या.

"कसा झाला सामना?"

"झ्याक झाला," मामा चप्पल काढत म्हणाले. "एक जण बी भांडला न्हाई."

"अल्लाची मेहरबानी!" मामींचा चेहरा फुलला. "आता कुठं माणसांना तुमची किंमत कळायला लागली बघा." आणि त्या लगबगीनं चहा टाकायला आत गेल्या.