डोळे मिटून मारलेले टोमणे

चर्चच्या पाळकाच्या हातात एक असं हत्यार असतं, जे तलाठ्याकडे नसतं, सरपंचाकडे नसतं आणि फौजदाराकडेही नसतं. तो ‘आपण प्रार्थना करू’ म्हणाला की समोरचे सगळे डोळे मिटतात, माना खाली घालतात आणि तो जे बोलेल ते मुकाट ऐकून घेतात. आमच्या आष्टी तालुक्यात ग्रामसभेत सरपंचाने अर्धं वाक्य उच्चारलं की चौघं उभे राहतात. तीच माणसं माझ्यापुढे दहा-दहा मिनिटं चिडीचूप. हे हत्यार मी अकरा वर्षं मनसोक्त वापरलं.

अंगणवाडीच्या एक बाई रविवारी कायम उशिरा यायच्या आणि दाराजवळ बसायच्या. मी डोळे मिटून म्हणायचो, ‘हे प्रभो, तुझ्या काही लेकरांना साडेदहाची उपासना अकराला सुरू होते असं वाटतं, त्यांना क्षमा कर.’ एकदा मला ताप आला आणि पंच कमिटीतलं कुणी बघायला फिरकलं नाही. पुढच्या रविवारी मी म्हणालो, ‘ज्या घरांना आजारी पाळकाकडे यायला सवड झाली नाही, त्या घरांनाही तू भरभरून दे.’ यातलं ‘क्षमा कर’ आणि ‘भरभरून दे’ हे ‘बघून घेईन’च्या चालीवर म्हणायचं असतं. ते सरावाने जमतं. शिवाय कुणी तक्रार केलीच तर उत्तर तयार असायचं, की मी तुमच्याशी कुठे बोलत होतो? मी देवाशी बोलत होतो.

बायकोला हे पसंत नव्हतं. ती कडा गावची, म्हणजे तोंडावर बोलणारी. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसायची आणि प्रार्थना संपली की खणखणीत ‘आमेन’ म्हणायची. तिच्यामागून बाकीची मंडळी म्हणायची. तिचं आमेन म्हणजे एस.टी.च्या कंडक्टरची घंटी होती, ती वाजल्याशिवाय आमची उपासना पुढे सरकत नसे. घरी आल्यावर मात्र तिने दोन-तीनदा विचारलं होतं की देवाला सांगत होतात की त्या बाईला. मी तिला सेवाकार्यातल्या अवघड गोष्टी समजावून सांगितल्या. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतल्या.

आता आमच्या ढोलकीवाल्याबद्दल सांगतो. तो आणि त्याची बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. दिवाळी झाली की ऊसतोडीला कर्नाटकाकडे जायचे, ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परत यायचे. उरलेले सात महिने रविवारी पेटी माझी आणि ढोलकी त्याची. पेटीवर मी सुरू झालो की भजन रेंगाळतं, हे मला माहीत आहे. तो मला ओढून न्यायचा. म्हातारी माणसंसुद्धा मांडीवर ताल धरायची, आणि मग मी उपदेशाला उभा राहिलो की तीच म्हातारी माणसं भिंतीला टेकायची. मला त्याचा हेवा वाटायचा. त्या वेळी मी त्याला हेवा म्हणत नव्हतो. त्या माणसाच्या आत्मिक वाढीची काळजी, असं म्हणत होतो.

एका वर्षी टोळी निघाली त्या दिवशीचा फोटो मुकादमाने व्हॉट्सॲपवर टाकला आणि फिरत फिरत तो माझ्यापर्यंत आला. ट्रॅक्टरला हार, चाकाखाली लिंबं, समोर फुटलेला नारळ, आणि नारळाच्या अगदी जवळ हात पुढे केलेला आमचा ढोलकीवाला. ख्रिस्ती माणसाने नारळ फोडायचा नसतो, म्हणून मला धक्का बसला असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर मला आनंद झाला. चार-पाच महिने तो फोटो मी मोबाईलमध्ये सांभाळून ठेवला. स्वतःच्या लग्नाचे फोटो मी इतके सांभाळले नव्हते.

तो परत येण्याच्या आधीच्या आठवड्यात मी नगरला तीन दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. विषय होता, ‘पाळकाची भावनिक परिपक्वता’. राग आला की तो ओळखायचा, त्याला नाव द्यायचं, बोलण्याआधी थांबायचं, असं शिकवत होते. ‘मला कशाकशाचा राग येतो’ असा एक कागद भरून द्यायचा होता. मी लिहिलं, ‘मला शक्यतो राग येत नाही.’ जेवण उत्तम होतं. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, ते मी आष्टीत लॅमिनेट करून घरात दाराच्या वर लावलं.

पुढच्या रविवारी ढोलकीवाला देवळात आला; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. टोळी दोनच दिवसांपूर्वी उतरली होती. तोंड करपलेलं, हातांवर उसाच्या पाल्याने चिरल्याच्या रेघा, पण ढोलकी काखेत. भजन झकास झालं. मग मी डोळे मिटले.

“हे प्रभो,” मी म्हणालो, “जे हात इथे तुझ्यापुढे ढोलकी वाजवतात, तेच हात तिकडे ट्रॅक्टरपुढे नारळ फोडतात. त्या हातांना तू शुद्ध कर.”

मी थांबलो. आमेन आलं नाही. वाटलं, प्रार्थनेने सगळे भारावले असतील. आणखी थोडा थांबलो आणि शेवटी डोळे उघडले. बायको उघड्या डोळ्यांनी सरळ माझ्याकडे बघत होती. ढोलकीवाला ढोलकी पिशवीत घालत होता. तो उठला, त्याच्यामागून त्याची बायको उठली आणि दोघं निघून गेले. आमेन मी स्वतःच म्हणालो.

घरी आल्यावर बायकोने विचारलं की त्याने नारळ फोडताना मी पाहिलं का. मी फोटो आहे म्हणालो. त्याला विचारलं का, असं तिने विचारलं. त्यावर मी काहीतरी लांबलचक बोलायला लागलो.

“आजपून तुमच्या प्रार्थनेला मी आमेन म्हणणार न्हाई,” ती म्हणाली. “देवाला कळवायचं तर कळवा.”

आणि नाहीच म्हणाली. ती देवळात यायची, पहिल्या रांगेत बसायची, गाणी म्हणायची, पण माझी प्रार्थना संपली की ओठ मिटून बसायची. मंडळीही पुटपुटल्यासारखं करायची. अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा माझं आमेन मीच म्हटलं. आपल्याच लग्नात आपणच टाळ्या वाजवाव्यात, तसं ते वाटायचं. ढोलकी नव्हती, त्यामुळे चार कडव्यांचं भजन उपदेशाएवढं लांबायचं. मी पंच कमिटीच्या एकाकडून ढोलकीवाल्याला निरोप धाडला की येऊन पश्चात्ताप कर, मी मोठ्या मनाने विसरून जाईन. उत्तर आलं नाही. घरी बायको माझं प्रमाणपत्र रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची. भिंतीवरचं दुसरं काहीही ती रोज पुसत नसे.

दसऱ्याच्या आधी आष्टीच्या बाजारात चहाच्या टपरीवर तो मुकादम भेटला. ओळख निघाली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की टोळी निघताना नारळ कोण फोडतं.

“मीच फोडतो की दरसाली,” तो म्हणाला. “फोडतो मी, खातो तुमचा गडी. खोबऱ्याला पैला हात त्याचा.”

मी मोबाईल काढला. फोटो बोटांनी मोठा केला. ढोलकीवाल्याचा हात पुढे होता, आणि तळहात वर होता. फोडणाऱ्याचा तळहात वर नसतो. तो खोबऱ्यासाठी हात पसरून उभा होता. हा फोटो मी किमान शंभर वेळा पाहिला असेल, आणि जे पाहायचं ठरवलं होतं तेवढंच पाहिलं होतं. मुकादम मात्र स्वतःच्याच नादात बोलत होता. उसाच्या फडावर रविवारी संध्याकाळी टोळीतली तीन-चार ख्रिस्ती जोडपी राहायच्या पाचटाच्या कोपीपुढे बसतात, ढोलकीवाला प्रार्थना करतो, असं सांगत होता.

“तुमचा घसा बसलता का ओ तवा?” त्याने विचारलं. “लई दिस तुमच्या घशाचं सांगायचा देवाला.”

बसला होता. त्या हिवाळ्यात महिनाभर माझा आवाज बसला होता. तो तिकडे दिवसभर ऊस तोडून माझ्या घशासाठी प्रार्थना करत होता आणि मी इकडे त्याचा फोटो जपत होतो. मला इतकी लाज वाटली की चहा अर्धा ठेवून मी उठलो. आणि समजा, त्याने नारळ फोडला असता, तरी काय झालं असतं? ज्या माणसांबरोबर पाच महिने एका ताटात जेवायचं, त्यांच्याबरोबर तो निघताना कसा उभा राहतो, हे मी त्याला विचारायला हवं होतं. विचारायला त्याचं घर माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर होतं.

एवढं कळूनही मी लगेच गेलो नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. आज जातो, उद्या जातो करत राहिलो. मला भीती वाटत होती. तो दार लावून घेईल, आणि त्याने तसं केलं तर त्यात त्याचं काही चुकणार नाही, याची भीती. शिबिरात या भीतीला कुणी नाव दिलं असेल तर मी त्या वेळी जेवायला गेलेलो असणार. दिवाळीनंतरच्या रविवारी उपासना आटोपून घरी आलो तेव्हा बायको चप्पल काढता काढता म्हणाली की टोळी उद्या सकाळी निघतेय. उद्या तो गेला की पाडव्यापर्यंत भेटणार नव्हता, आणि त्यानंतर तो देवळाची पायरी चढेलच याची काही खात्री नव्हती.

सकाळी मी मोटारसायकल काढली. बायको न सांगता मागे येऊन बसली.

ट्रॅक्टरच्या दोन्ही ट्रॉल्या भरल्या होत्या. बाजरीची पोती, भांडी, गोधड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. नारळ नुकताच फुटला होता. ढोलकीवाल्याने मला पाहिलं, हातातलं खोबरं तोंडात टाकलं आणि चावत राहिला. मग म्हणाला, “सलाम, पास्टर.”

मी वाटेत जे जे जुळवलं होतं ते सगळं विसरलो. त्याची चूक नव्हती, माझी होती, एवढं सांगितलं. मी त्याला विचारलं नाही, आणि देवाला मधे घालून त्याचा अपमान केला, हेही सांगितलं. टोळीतली माणसं पोती बांधायची थांबून ऐकत होती. तो चावत होता. खोबरं चावायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

“प्रार्थना करा,” तो शेवटी म्हणाला. “पर डोळे उघडे ठिऊन करा. आमी बी उघडेच ठेवतो.”

आयुष्यात मी कधी डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली नव्हती. दोन हातांवर त्याचं तोंड, त्याच्या खांद्याआडून बघणारी त्याची बायको. माणसाच्या डोळ्यांत बघत देवाशी बोलायचं म्हटलं की एकही टोमणा सुचत नाही. मी म्हणालो, “हे प्रभो, या दोघांना सुखरूप ने, सुखरूप आण.” पुढचं येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मिटायची तर सोय नव्हती.

“घसा बसला का परत?” त्याने विचारलं.

मागून बायकोचं आमेन आलं. अगदी पूर्वीसारखं, खणखणीत. टोळीतल्या दोन-तीन बायकांनीही तिच्या मागोमाग म्हटलं. त्यांना वाटलं असेल, निघताना असं म्हणायचं असतं. ढोलकीवाल्याने मुकादमाकडून खोबऱ्याचा आणखी एक तुकडा घेतला आणि माझ्यापुढे धरला. मी हात पसरला. तेवढ्यात मुकादमाने मोबाईल काढून फोटो घेतला, हे माझ्या लक्षात आलं, पण तोवर खोबरं तोंडात गेलं होतं.

रविवारपर्यंत तो फोटो अख्ख्या मंडळीने पाहिला होता. ट्रॅक्टर, लिंबं, फुटका नारळ आणि पुढे हात केलेला त्यांचा पाळक. उपासनेत आम्ही आळीपाळीने प्रार्थना करतो, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी माझं नाव येईल म्हणून मी वाट बघत होतो. आजाऱ्यांसाठी झाली, पावसासाठी झाली, फडावर गेलेल्यांसाठी झाली. माझ्याबद्दल कुणी देवाला काही सांगितलं नाही. उपासना संपल्यावर दाराजवळच्या अंगणवाडीच्या बाई, त्या दिवशीही अकराला आलेल्या, सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि डोळ्यांत बघून त्यांनी विचारलं.

“पास्टर, नारळ तुमी फोडला का?”

“नाही बाई,” मी म्हणालो, “खाल्ला.”