सोडलेल्या गाठी

नातीला कळा सुरू झाल्या तसं तिला आत नेलं, आणि मी बाहेर बाकावर बसून राहिले. शेजारी बसलेल्या नेपाळी बाईंची सूनही आतच होती. बाईंनी गाठोड्याची गाठ सोडली, मग डब्याचं झाकण काढलं. मला वाटलं, जेवायला बसल्या. तर नाही!

"गाठ असली की बाळ अडतं, दिदी," त्या म्हणाल्या.

अहो, आमची सुईणही घरातल्या सगळ्या ट्रंका उघडायला लावायची! कुठला त्यांचा डोंगर, कुठलं आमचं खेडं. बायकांची भीती मात्र एकच. मीही अंबाडा सोडला, पिशवीची चेन उघडली.

"आजी, इथे बिऱ्हाड मांडलंत का?" नर्स हसली.

तिला काय सांगू? आमच्याकडे उघडण्यासारखं आता काही उरलं नाही, आणि समोरचं दार अजून बंदच आहे.