गवतावरची पगडी

बोलता बोलता ते डोक्यावरची शिंदेशाही पगडी दोन्ही हातांनी उतरवायचे आणि सरळ गवतावर ठेवायचे. चेंडूच्या पलीकडे, वीतभर मागे. मग दोन पावलं मागे सरून म्हणायचे, "हं, मारा आता. फक्त तिला लागू देऊ नका."

आम्ही त्यांना दफेदार म्हणत असू. ग्वाल्हेर संस्थानाच्या घोडदळात होते. गुडघा दुखावल्यावर मुरारकडच्या गोल्फच्या मैदानावर मार्कर म्हणून आले. मैदान राखायचं आणि येईल त्याला खेळ शिकवायचा, हे त्यांचं काम. संस्थान विलीन झालं, तसं सरदारांच्या त्या मैदानाचं फाटक आम्हा कारकुनांनाही उघडलं. काय तो उत्साह! उसन्या आणलेल्या दोन काठ्या सायकलच्या दांडीला बांधून मी रोज सकाळी माधवगंजातून सुटायचो, तो थेट मैदानावर.

आणि रोज माझा चेंडू उजवीकडे पळायचा. निघायचा झकास, मग मध्येच काही आठवल्यासारखा वळायचा आणि धोब्यांनी वाळत घातलेल्या चादरींत शिरायचा. याला स्लाइस म्हणतात. नवशिक्यांना तो सर्दीसारखा होतो. तुम्ही गोल्फ खेळला नसाल, तरी माझ्या जागी तुम्हीही तेच केलं असतं: चेंडू उजवीकडे जातो ना, मग आपण डावीकडे तोंड करून उभं राहायचं. मी रोज थोडा थोडा डावीकडे वळत गेलो आणि चेंडू रोज जास्तच उजवीकडे.

"अजून जरा वळा, साहेब," दफेदार एकदा शांतपणे म्हणाले, "म्हणजे मुरारऐवजी शहराच्या दुसऱ्या टोकाचं लश्कर लागेल."

मी चेंडूला चार शिव्या घातल्या.

"त्याला कशाला? चेंडू चुगली करतो, साहेब. तुम्ही काय केलंत तेवढंच तो सगळ्या मैदानाला सांगतो." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "काठीचं तोंड उजवीकडे उघडं, आणि काठी येते बाहेरून आत. चेंडूला मारत नाही तुम्ही, कापता. डावीकडे जितके वळाल तितके जास्त कापाल. काठी धरल्यावर डाव्या पंजाच्या बोटांची हाडं किती दिसतात?"

"एक."

"दोन तरी दिसली पाहिजेत. लगाम धरता तसा धरा जरा वरून."

मी जन्मात घोड्यावर बसलो नव्हतो, पण पंजा वळवला. मग पगडी गवतावर आली. काठी बाहेरून आली असती तर ती पगडीवर बसली असती, आणि आमच्या घरात तसल्या पगडीला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायची रीत! भीतीनं माझा हात आपोआप अंगाजवळून आला. चेंडू सरळ गेला. सरळ! मी काठी टाकून नाचलो, ते बघून दफेदार पोट धरून हसले.

त्याच दिवसांत आमच्या कचेरीत संस्थानाच्या नोकरांपैकी नव्या सरकारात कुणाला घ्यायचं याची यादी आली. तीत दफेदारांच्या नावापुढे निळ्या पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह होतं. मार्कर नावाची जागाच नव्या सरकारात नव्हती. दोन मुली लग्नाच्या, आणि हा माणूस घरी बसणार! यादीचा निकाल बाहेरून आलेल्या बड्या साहेबांच्या हातात होता आणि साहेबांना गोल्फचं वेड होतं, स्लाइससकट. मी हिंमत करून त्यांना रविवारी मैदानावर आणलं.

"आज पगडी नको, दफेदार," मी कानाशी लागून म्हणालो. "आज फक्त वाहवा करा."

"वाहवा करून चेंडू सरळ जातो काय?" म्हणाले, आणि पगडी उतरवली.

"अरे भाई, हटाओ इसे. लग जाएगी," साहेब म्हणाले.

"ठीक मारेंगे तो नहीं लगेगी, हुजूर."

साहेबांनी काठी उगारली. फाटकन आवाज झाला. पगडी चार हात लांब घरंगळली, तिचं टोक चेपलं, आणि चेंडू गेला चादरींत. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

दफेदार लंगडत गेले. पगडी उचलली, बाहीनं पुसली आणि पुन्हा तिथेच, वीतभर मागे ठेवली. "गेंद ने चुगली की, हुजूर. बायाँ पंजा जरा ऊपर से. फिर से."

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. ते निघून जाऊ शकले असते. पण त्यांनी पंजा वळवला, पगडीकडे एकदा बघितलं आणि मारलं. चेंडू उठला, उठला, आणि सरळ रेषेत थेट झेंड्याकडे! "गया! सीधा गया!" साहेब शाळकरी पोरासारखे ओरडत धावले, आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे.

सोमवारी प्रश्नचिन्ह खोडलेलं होतं. दफेदारांना माळी म्हणून घेतलं. सोबत खाकी टोपी आली आणि कामावर पगडी घालायची नाही, असा हुकूम. मला फार वाईट वाटलं. आपणच हे करून बसलो, असंही वाटलं. दुसऱ्या दिवशी ते डोक्यावर टोपी आणि काखेत रुमालात बांधलेली पगडी घेऊन हजर.

"डोक्यावर मनाई आहे, साहेब," रुमालाची गाठ सोडत म्हणाले. "जमिनीवर कुठे आहे?"

पुढे राजधानी भोपाळला गेली आणि कचेरीबरोबर मीही. दफेदार गेल्याचं तिथे पत्रानं कळलं. त्या दिवशी मी कामात नुसत्या चुका केल्या.

गेल्या वर्षी ग्वाल्हेरला गेलो तेव्हा मैदानावर शिकवायला नवा माणूस होता. त्यानं माझ्यासाठी चेंडू गवतावर ठेवला. मला नुसताच उभा बघून म्हणाला, "काका, चेंडूच्या पलीकडे काय बघताय? तिथे तर काहीच नाही."

"काही नाही," मी म्हटलं, आणि ती जागा चुकवून मारलं.